लाल झग्यातली पाहुणी
(मंडळाच्या छंद-मेळाव्यात आम्ही उभयतांनी केलेलं भाषण)



आमच्या संग्रहाबद्दल बोला म्हणून निरोप आला तेव्हा चिटणीसांनी हळूच विचारलं होतं, "ती तंग लाल झग्यातली कार्टून बाई आणणार का? सभेला आजी-आजोबा असतात हो." आणली आहे. आमच्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नाहीच.

ही जेसिका रॅबिट. 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' हा सिनेमा १९८८ चा. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, आणि चित्रांची बाजू रिचर्ड विल्यम्स यांची. खरी माणसं आणि काढलेली पात्रं त्यात एकाच खोलीत वावरतात. कॅमेरा सारखा हलता, म्हणून सेकंदाला चोवीस चित्रं. आधी कागदावर पेन्सिलीने, मग ती रेष पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानावर उतरवायची आणि रंग पाठीमागून भरायचा. या पानाला सेल म्हणतात. आपल्या जुन्या वाड्यांत काचेवर मागून रंगवलेले देव असत, रीत तीच.

आमची पहिली खरेदी फसली. परदेशातल्या एका विक्रेत्याने 'ओरिजिनल' म्हणून पाठवलेलं चित्र सेरीसेल निघालं. म्हणजे विक्रीसाठीच छापलेलं, कॅमेऱ्याखाली कधी न गेलेलं. बडोदेकरांना हा फरक समजावून सांगायला नको. लक्ष्मीविलास राजवाड्यातलं रविवर्म्याचं तैलचित्र वेगळं, आणि आजीच्या देवघरातली त्याच्या छापखान्यातली लक्ष्मी वेगळी. आजीची लक्ष्मी कमी प्रेमाची नव्हती, पण पैसे मोजताना आपण काय घेतोय ते कळायला हवं. तेव्हापासून आम्ही आधी कडा बघतो. चित्र जागेवर नेमकं बसावं म्हणून पाडलेली भोकं आहेत का, कोपऱ्यात क्रमांक आहे का, पाठीमागे रंगाचा थर हाताला जाणवेलसा आहे का. प्रमाणपत्र त्यानंतर.

या सिनेमाची पुष्कळ चित्रं १९८९ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात गेली. तिथून ती घरोघर पसरली. आमच्याकडे आलेला सेल किती हातांतून फिरून आला, देव जाणे.

पार्सल उघडलं आणि आमचे चेहरे पडले. पडद्यावर तिचा झगा कसा लखलखतो! इथे नुसता सपाट लाल रंग. पुन्हा फसलो म्हणून त्या रात्री आम्ही जेवलोही नाही. नंतर वाचनात आलं, की ती चमक सेलवर कधी नव्हतीच. प्लॅस्टिकची पिशवी स्टील वूलने खरवडायची, तिच्यातून प्रकाश सोडायचा आणि ते चित्रण वरून मिसळायचं. अंगावरच्या सावल्याही तशाच, मागाहून चढवलेल्या. आवाजाचीही तीच कथा, बोलणं कॅथलीन टर्नरचं, गाणं एमी अर्व्हिंगचं. म्हणजे आपण जिच्यावर भाळलो ती जेसिका कुठल्याच एका पानावर सापडणार नाही.

मग आम्ही सेल उलटा केला. पाठीमागे केसांच्या कडेला कुंचला जरा रेषेबाहेर गेलेला दिसला. समोरून काहीच कळत नाही. कुणीतरी दिवसभर मान मोडून हे रंग भरले असतील, आणि हे पान पडद्यावर एका सेकंदाचा चोविसावा भाग दिसलं. परत पाठवायचा विषय तिथेच संपला.

पुढची चूक मात्र सर्वस्वी आमची. कौतुकाने चित्र दिवाणखान्यात लावलं, नेमकं पश्चिमेच्या खिडकीसमोर. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेले आणि खांद्याजवळचा रंग पोपडा धरू लागला. रंग पुन्हा भरून देणारे कारागीर परदेशात आहेत. मुलगा म्हणतो, भरून घ्या, किंमत टिकेल. पण त्या खांद्यावर मग हात कोणाचा? आमचं यावर अजून एकमत नाही. (आमच्या घरात ते कशावरच नसतं.) तोवर जेसिका नातवंडांच्या खोलीतल्या अंधाऱ्या कपाटात आहे, कारण घरातला एकुलता एक एसी तिथेच. रंगाच्या बाजूला कागद दाबून ठेवत नाही, चिकटतो. महिन्यातून एकदा कपाट उघडून वासही घेतो. हे प्लॅस्टिक कुजायला लागलं की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. अजून तरी आलेला नाही.

आता ती टेबलावर आहे, पंख्यापासून लांब. रांगेने या. आधी मागची बाजू बघा, मग पुढची. आणि बटाटेवडे झाल्यावर हात धुऊनच जवळ या, ही दोघांचीही विनंती.