‘यू’वाचून ‘क्यू’



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनसवर किंवा संपावर बोलणार, अशी आपली अटकळ असते. आज मी बोलणार आहे ते एका खेळाविषयी व इंग्रजीतल्या एका हटवादी अक्षराविषयी. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा यात पांडित्य शोधू नये.

स्क्रॅबल हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. तो निर्माण केला न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पज्ञाने. 1930 नंतरच्या महामंदीत त्याची नोकरी गेली होती. रिकाम्या हातांनी त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजली आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते पाहून सोंगट्यांची संख्या व गुण ठरविले. पुढे 1948 मध्ये जेम्स ब्रूनो याने त्याला स्क्रॅबल हे नाव दिले. एकूण सोंगट्या 100. त्यांत ‘ई’च्या 12, गुण प्रत्येकी 1. ‘क्यू’ची सोंगटी एकच, गुण 10! जे अक्षर सर्वांत अधिक राबते त्याला मजुरी सर्वांत कमी. बेकार माणसाने केलेला हा हिशेब पाहून मला कारखान्यातली वेतनश्रेणी आठवली.

पण हा ‘क्यू’ हातात आला की खेळणारा धास्तावतो. कारण इंग्रजीत तो ‘यू’ला बरोबर घेतल्यावाचून सहसा घराबाहेर पडत नाही. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ हा शब्द ‘सी’ आणि ‘डब्ल्यू’ने लिहीत. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी ‘क्यू-यू’ची जोडी रूढ केली. ज्या शब्दांत ‘यू’वाचून ‘क्यू’ येतो ते बहुधा परदेशातून आलेले पाहुणे. ‘क्यू-आय’ म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. दोनच अक्षरे, पण अडल्या वेळी तारणारी. ‘क्यू-ए-टी’ म्हणजे येमेन, इथिओपियात चघळतात तो पाला. आपल्या विड्यातला कात नव्हे. ‘कनात’ म्हणजे इराणातला भुयारी पाण्याचा मार्ग. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आणलेली नहर याच जातीची. ‘कादी’ म्हणजे आपला काजी आणि ‘फकीर’ तर फकीरच!

यातले बरेच शब्द अरबीतले. तिथे घशातून खोल निघणारा एक ‘क’ आहे, तो इंग्रजीत ‘क्यू’ने लिहितात. आपण मराठीत दोन्ही ‘क’ एक करून टाकले. पण तो खोल ‘क’ मुळात ज्यांत आहे ते आपले शब्द तर पाहा: कर्ज, कबुली, कायदा, मुकादम आणि हक्क. कामगाराचा सारा जन्म या पाच शब्दांत मावतो. ज्या अक्षराला आम्ही परके समजत होतो, ते आमच्याच ओसरीवर बसलेले होते.

आता या खेळातली एक विलक्षण गोष्ट. त्यात शब्दाचा अर्थ ठाऊक असावा लागत नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. शब्द त्याने नुसते पाठ केले होते. मी त्याच्या बुद्धीला वंदन करतो. पण अर्थावाचून शब्द खेळात चालतो, पोटाच्या प्रश्नात चालत नाही.

पंचविशीत मी एका कारखान्यात होतो. एके दिवशी रजेचा हिशेब म्हणून इंग्रजी कागद पुढे आला. हजेरीपटामुळे ‘साइन’ हा शब्द मला अक्षरांनी ओळखता येत होता. त्याच्याआधी ‘आर’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरे होती. मला वाटले, पुन्हा सही करा म्हणत असतील. मी केली. तो शब्द ‘रिझाइन’ होता. महिनाअखेर मला फाटकावरून परत पाठविले. कागदावर मी राजीनामा दिला होता. त्याच सहा अक्षरांचा ‘सिंगर’ म्हणजे गवई होतो, ‘साइनर’ म्हणजे सही करणारा होतो आणि ‘रेन्स’ म्हणजे ‘राज्य करतो’ असेही होते. हे मला पुढे पदपथावरून घेतलेल्या जुन्या कोशाने शिकविले. त्या दिवशी शिकविणारे कोणी नव्हते.

आज आमच्या युनियनच्या कचेरीत रविवारी तरुण मुले हा खेळ खेळतात. आम्ही त्यात आमचा एक नियम घातला आहे: शब्द मांडणाऱ्याने त्याचा अर्थ मराठीत सांगावा, न सांगेल तर गुण नाहीत, मग तो ‘क्यू’चा का असेना. आणि सोमवारी कोणाला कसलाही कागद आला, तर तो चौघांत मोठ्याने वाचून, अर्थ लावून, मगच सही. माझ्या माहितीत या नियमाने तिघांच्या नोकऱ्या वाचल्या आहेत.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. या वेळी ती खरोखरीच रजा आहे.