ओझे, ओढ आणि इंधन



गाडी घ्यायची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "अ‍ॅव्हरेज किती देते?" दुकानदार एक आकडा सांगतो, शेजारी दुसरा सांगतो, आणि आपण दोहोंच्या मधला धरून कर्जाच्या कागदावर सही करतो. प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. गाडी लिटरला किती किलोमीटर जाते हे विचारताना ती मागे काय ओढून जाते, हे विचारायचे राहून जाते.

बीड जिल्ह्यात हे राहून चालत नाही. केज तालुक्यातले आपले नांदूरघाट घ्या. बालाघाटाच्या डोंगररांगेतला हा मुलूख. दिवाळी झाली की या भागातली कोयत्याची माणसे बिऱ्हाड बांधतात. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, शेळी, लेकरे. कोणी मांजरा धरणाखालच्या उसाला जातो, कोणी पाटोदा-जामखेडच्या वाटेने पश्चिमेकडच्या कारखान्यांवर. तिथे तोच ट्रॅक्टर चार-पाच महिने ऊस ओढतो. वाहतुकीचे पैसे मिळतात टनावर आणि अंतरावर. डिझेल मात्र मालकाच्या खिशातून जळते. हंगाम संपल्यावर हातात काय उरले, हे पुष्कळदा या जळितावर ठरते. म्हणून आज ओझे ओढणाऱ्या गाडीला पेट्रोल बरे, डिझेल बरे, की अलीकडे आलेला गॅस बरा, हे जरा मुळापासून पाहू.

आधी ओढ म्हणजे काय ते बघा. समजा ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस मिळून वजन २० टन आहे. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर ते हळूहळू चालवत ठेवायला साधारण वजनाच्या शंभराव्या हिश्शाएवढी ओढ लागते, म्हणजे २०० किलोची. तेच ओझे फडातल्या मऊ काळ्या रानातून काढायचे तर विसाव्या हिश्शाएवढी, म्हणजे १००० किलोची ओढ सहज लागते; रान ओले असेल तर त्याहूनही जास्त. आणि घाट लागला, वीस फुटांना एक फूट चढ असला, तर रस्त्याच्या २०० किलोंत आणखी १००० किलोंची भर पडते. म्हणजे घाटातला एक किलोमीटर सपाटीवरच्या सहा किलोमीटरांना भारी आहे. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. बैलाच्या तोंडाला फेस कुठे येतो हे त्याला ठाऊक असते. इंजिनाचा फेस दिसत नाही, तो पंपावर बिलात दिसतो.

आता ही ओढ कोणते इंधन स्वस्तात देते?

लिटरभर पेट्रोलाचे वजन सुमारे ७४० ग्रॅम, लिटरभर डिझेलाचे सुमारे ८३०. डिझेल जड, म्हणून त्याच मापात सुमारे दहा टक्के उष्णता अधिक. पण खरा फरक इंजिनात आहे. पेट्रोलचे इंजिन हवा आणि पेट्रोल एकत्र करून ते सुमारे दहाव्या हिश्शापर्यंत दाबते आणि ठिणगीने पेटवते. याहून फार दाबले तर मिश्रण वेळेआधीच भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. डिझेलचे इंजिन नुसती हवा दाबते, तीही सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत. ती इतकी तापते की डिझेलाची फवार आत गेली की आपोआप पेट घेते. जितके जास्त दाबावे तितका उष्णतेतून कामाचा वाटा जास्त निघतो, हा निसर्गाचा नियम आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली आउग्सबुर्ग शहरात आपले इंजिन चालवून दाखवले तेव्हा त्याने इंधनातला सुमारे चौथा हिस्सा कामी लावला होता. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हे स्वप्नातही साधत नव्हते. आजची चांगली डिझेल इंजिने चाळीस टक्क्यांच्या घरात पोचली आहेत.

पेट्रोलच्या इंजिनाची आणखी एक खोड आहे. त्याची पुरी ताकद चक्र जोरात फिरल्यावर येते, तर डिझेलची ओढ सावकाश फिरतानाच येते. म्हणून चढावर पेट्रोलची गाडी खालच्या गिअरमध्ये घालून ओरडवावी लागते. शिवाय पुऱ्या भाराखाली ते इंजिन फार तापू नये म्हणून पुष्कळ गाड्यांत जास्तीचे पेट्रोल सोडले जाते. ते कामाला नव्हे, थंडाव्याला जाते.

या सगळ्याची गोळाबेरीज अशी, की भारी ओझे ओढताना जे काम डिझेलची गाडी तीन लिटरांत करील त्याला पेट्रोलच्या गाडीला चार ते साडेचार लिटर लागतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच उष्णता असते, म्हणून या मिश्रणाची ताकद लिटरामागे सहा-सात टक्के कमी भरते. आपणच तोडलेल्या नि ओढलेल्या उसातून इथेनॉल होते, हा आपल्या भागाचा लाभ आहेच. पण हिशेब करताना तो हिशेबाच्या जागीच ठेवावा.

आपल्या देशाने हा धडा कधीच गिरवला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे अमेरिकन बनावटीचे पेट्रोलवर चालणारे मालट्रक पुष्कळ होते. १९५४ साली टाटांनी डेमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेलचे ट्रक बांधायला घेतले, आणि पुढे जड वाहतूक डिझेलवरच गेली. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनामुळे तर शेतकऱ्याला डिझेलची ओळख घरच्यासारखी झाली; पुण्याजवळ खडकीला तो कारखाना १९४६ मध्ये सुरू झाला. अमेरिकेत मात्र मोठे पेट्रोल ट्रक आजही विकले जातात. तिथली माणसे घराएवढी गाडी ट्रकच्या हौद्यात अडकवून सहलीला निघतात आणि पेट्रोल की डिझेल यावर तावातावाने वाद घालतात. त्यांची सहल आणि आपले बिऱ्हाड यांत फरक फार, पण चढावरची ओढ दोघांना एकच.

मग डिझेलच घ्यावे, असे सरसकट म्हणावे काय? नाही. इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. कागद घ्या आणि मांडा. समजा पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. भरलेली पिकअप पेट्रोलवर लिटरला १२ किलोमीटर जाते आणि डिझेलवर १६. तर २४० किलोमीटरांना पेट्रोल लागले २० लिटर, म्हणजे २००० रुपये. डिझेल १५ लिटर, म्हणजे १३५० रुपये. बचत ६५० रुपये. पण डिझेलची गाडी लाखभर रुपयांनी महाग मिळाली, तर तो लाख फिटायला सुमारे ३७,००० किलोमीटर धावले पाहिजे. रोज शंभर किलोमीटर भरून धावणाऱ्याचे ते वर्षभरात फिटतात. रोज वीस किलोमीटर, बाजारापुरता भाजीपाला नेणाऱ्याला पाच वर्षे लागतील, आणि कर्जाचे व्याज वेगळे. पूर्वी डिझेल सरकारी भावाने पुष्कळच स्वस्त मिळे. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचा भाव खुला झाला, नि दोहोंतले अंतर कमी झाले. म्हणून आजोबांचा हिशेब नातवाला जसाच्या तसा लागू नाही.

गॅसचे काय? सीएनजी किलोवर मिळतो. किलोभर गॅसमध्ये लिटरभर डिझेलपेक्षा उष्णता जास्त असते, पण तो ठिणगीच्या इंजिनात जळतो. त्यामुळे ओढीच्या कामात एक किलो गॅस आणि एक लिटर डिझेल जवळजवळ बरोबरीला येतात. हे लक्षात ठेवले तर दोन्हींचे भाव शेजारी मांडून लगेच तुलना करता येते. मात्र टाकी जड असते, हौद्यातली जागा खाते, इंजिनाची ताकद थोडी उतरते आणि गॅसचा पंप वाटेवर असावा लागतो. रांगेत गेलेला अर्धा दिवस कोणत्याच बिलात दिसत नाही.

आता ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी काय करावे? चाकांत हवा नेमकी ठेवावी. मऊ चाक ओढ वाढवते. ट्रॉलीचा भार मागे फार टाकू नये. बैलगाडी उलाळ झाली की बैलांच्या मानेवरचे जू वर उचलते. तसेच दोन चाकी ट्रॉली मागे भारी झाली की ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन जागीच फिरतात. डिझेल जळते आणि गाडी तिथेच. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवू नये. नुसते उभे राहून ते तासाला सुमारे लिटरभर पिते.

आणि एक गोष्ट आवर्जून. उतारावर डिझेल वाचावे म्हणून कित्येक जण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. यात बचत मुळीच नाही. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर पाय सोडून चालली की डिझेलाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, कारण इंजिन चाकेच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहण्यापुरते डिझेल प्यावेच लागते. म्हणजे जास्त डिझेल जाते आणि इंजिनाची अटकही जाते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. वीस टनांचे ओझे मागून ढकलू लागले की पुढचा ट्रॅक्टर आडवा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे, आणि शास्त्रही तेच सांगते.

जादा भरण्याचा मोहही असाच. टनावर पैसे मिळतात, तेव्हा दोन टन वर रचले की खेपेचे डिझेल स्वस्त पडल्यासारखे वाटते. पण तो हिशेब टायर, क्लच आणि ब्रेक यांना विचारून केलेला नसतो. आणि हंगामाच्या जाण्या-येण्यात त्या ट्रॉलीत मालाबरोबर आपली माणसे बसलेली असतात. झोपी गेलेले लेकरू वजनकाट्यावर फारसे भरत नाही; पण उतारावर गाडी सांभाळायची ती त्याच्यासाठी.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी "अ‍ॅव्हरेज किती?" असे न विचारता असे विचारा: माझे ओझे किती, वाट कशी, वर्षाला धाव किती, आणि एक टन एक किलोमीटर न्यायला मला पैसे किती पडतात? भारी ओझे रोज लांब ओढायचे असेल तर डिझेल. हलके नि थोडके असेल तर पेट्रोल चालेल. गॅसचा पंप जवळ असेल तर तोही कागदावर मांडून पाहा. उत्तर गावागावाला आणि घराघराला निराळे येईल. ते आपल्या वहीतून काढलेले असावे, दुकानदाराच्या तोंडून ऐकलेले नसावे, एवढेच सांगणे.