परसबागेचे वन्यप्राण्यांपासून संरक्षण

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



कोकणात घरामागच्या गुंठाभर जागेत घरची माउली वांगी, मिरची, वाल, काकडी, रताळी लावते. सांडपाण्यावर वाढणाऱ्या या बागेमुळे घरच्यांना रोज ताजी भाजी मिळते. पण रानडुकरांचा कळप एकदा आत शिरला की तीन महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते. म्हणून बी पेरण्याआधीच कुंपणाचा विचार करावा.

प्रथम चोर ओळखावा. नांगरल्यासारखी माती उकरलेली असल्यास ते रानडुकराचे काम. कंद कुरतडलेले आणि जवळ काटे पडलेले दिसले तर साळिंदर. कोवळे शेंडे चाकूने छाटल्यासारखे तिरके कापलेले असतील तर ससा. दिवसाढवळ्या अर्धवट खाऊन टाकलेली फळे दिसली तर माकड समजावे.

डुक्कर, साळिंदर व ससा खालून शिरतात. त्यांच्यासाठी बारीक छिद्रांची मजबूत तारेची जाळी जमिनीवर 4 फूट उंच लावावी. खालचा एक फूट भाग मातीत गाडून बाहेरच्या बाजूस वळवावा, म्हणजे उकरणाऱ्या प्राण्याला जाळीच आडवी येते. फाटकाखालची फट दगडांनी बुजवावी.

जाळीचा खर्च झेपत नसेल त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीस सागरगोटा, करवंद किंवा घायपात यांचे जिवंत कुंपण करावे. चौकोनी गुंठ्याचा घेर सुमारे 40 मीटर भरतो. दोन ओळींत एकेक फुटावर, एकाआड एक अशी लावण केल्यास सुमारे 270 रोपे लागतात. कुंपण दाट होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तोवर बाहेरून काटेरी फांद्यांची वई ठेवावी.

माकडाला कुंपण अडवत नाही. बागेवर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात आणि काकडी, वालाच्या मांडवावर वरून व बाजूंनी जाळी ताणावी. कडेच्या ओळींत मिरची, हळद, आले, कारली घ्यावीत. त्यांना उपद्रव कमी होतो. रताळी घराच्या भिंतीलगत लावावीत. बुजगावणे, रंगीत साड्या, डबे यांना प्राणी लवकर सरावतात. त्यांची जागा दर चार-पाच दिवसांनी बदलावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरातील विजेची तार कुंपणाला कधीही जोडू नका. अंधारात त्या तारेला प्रथम हात लागतो तो आपल्याच मुलाचा, नाहीतर शेजाऱ्याचा. सौरकुंपणाचे यंत्र क्षणभराचा, ठरावीक अंतराने धक्का देते. तेच वापरावे आणि तारेला टेकणारे गवत कापत राहावे. फासे लावणे व विष घालणेही टाळावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार विनापरवाना शिकार हा गुन्हा आहे. पिकाचे नुकसान झाल्यास जागा न हलवता लगेच वनरक्षकास कळवावे, पंचनामा करून घ्यावा.

शेवटी एक विनंती. एकट्याने कुंपण केले तर कळप शेजारच्या बागेत जातो. वाडीतील चार घरांनी मिळून एकच कुंपण घालावे. खर्च वाटला जातो आणि राखणही.