मुलांचे सहा तास



 अध्यक्षाने आपल्या भाषणात वैद्यकीय व्यवसायाचा सर्वांगीण आढावा घ्यावा अशी रीत आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, म्हणजे आपण भारतात ज्याला कॅज्युअल्टी म्हणत होतो तिथे, आलेलं मूल किती वेळ राहतं आणि त्या वेळात त्याचं नेमकं काय होतं?

न्यूझीलंडने २००९ च्या जुलैत एक उद्दिष्ट ठरवलं. तातडीच्या विभागात येणाऱ्या ९५ टक्के रुग्णांना सहा तासांच्या आत वॉर्डात दाखल करायचं, घरी सोडायचं किंवा दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं. टोनी रायल तेव्हा आरोग्यमंत्री होते. इंग्लंडने त्याआधीच चार तासांची मर्यादा आणली होती. इथे सहा तास ठरले. पुढे सरकार बदललं आणि उद्दिष्ट मागे पडलं. २०२४ च्या मार्चमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. शेन रेटी यांनी ते पुन्हा आणलं आणि २०३० पर्यंतची मुदत घातली.

मी या उद्दिष्टाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. पूर्वी कॉरिडॉरमध्ये रुग्ण साचले की दोष खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर-सिस्टरांच्या माथी यायचा. खरं कारण बहुधा वर असतं. वॉर्डात खाट रिकामी नसते, घरी सोडण्याचे कागद दुपारपर्यंत होत नाहीत, तपासण्यांचे अहवाल रखडतात. सहा तासांच्या घड्याळाने हा प्रश्न साऱ्या रुग्णालयाच्या दारात नेऊन ठेवला, आणि तेच त्याचं सर्वांत मोठं काम आहे.

पण ऐंशी वर्षांच्या आजोबांना आणि आठ महिन्यांच्या बाळाला एकच घड्याळ लावलं की बाळाचे तास दिसेनासे होतात. तातडीच्या विभागात आलेली बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. त्यामुळे एकूण आकड्यात मुलांची बाजू बरी दिसते आणि कुणी आत डोकावत नाही. मी तुम्हाला आत डोकावायला सांगतो आहे, कारण मुलाच्या बाबतीत काही तास हाच उपचार असतो आणि काही तास शुद्ध वाया जातात. घड्याळाला या दोन्हींतला फरक कळत नाही. तो आपल्याला कळला पाहिजे.

झोपाळ्यावरून पडून डोकं आपटलेलं मूल घ्या. सीटी स्कॅन काढला तर उत्तर लवकर मिळतं, पण वाढत्या मेंदूला किरणोत्सर्गाचा डोस बसतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बालआपत्कालीन संशोधकांनी ‘प्रेडिक्ट’ नावाच्या जाळ्यातून दहा रुग्णालयांतल्या २०,१३७ मुलांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. असं काम वाचल्यावर एक गोष्ट पक्की पटते. मधल्या जोखमीच्या पुष्कळ मुलांना स्कॅनची गरज नसते. गरज असते ती काही तास नजरेखाली ठेवण्याची, ओकारी होते का, गुंगी येते का, नेहमीसारखं खेळू लागतं का हे बघण्याची. जुलाब-उलट्यांच्या मुलालाही सलाईन लावण्यापेक्षा उलटीचं औषध देऊन सिरिंजने दर पाच मिनिटांनी घोट घोट पाणी पाजणं चांगलं. त्यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा. दम्याचं मूल स्पेसरमधून फवारे घेऊन सुधारलं, तरी पुढच्या मात्रेशिवाय किती वेळ टिकतं हे पाहिल्याखेरीज घरी पाठवता येत नाही. घड्याळाकडे बघून डॉक्टर घाईला आला तर त्याच्यापुढे दोन सोपे रस्ते असतात, विनाकारण स्कॅन आणि विनाकारण वॉर्डात भरती. दोन्ही मुलाच्या हिताचे नाहीत.

यावर उपाय म्हणून इथे ‘अल्पमुदत कक्ष’ निघाले. मूल तिथे गेलं की घड्याळ थांबतं. निरीक्षणासाठी ही सोय उत्तम आहे. मात्र या देशातल्याच अभ्यासकांनी दाखवलं आहे की नोंदलेला वेळ आणि रुग्णाने प्रत्यक्ष काढलेला वेळ यांत या कक्षांमुळे अंतर पडतं. आईच्या मांडीवरचं मूल एका खोलीतून शेजारच्या खोलीत गेलं म्हणून त्याची वाट बघणं संपत नाही.

आता वाया जाणाऱ्या तासांकडे वळू. रक्त काढण्याआधी हातावर लावायचं बधिरतेचं मलम लागू व्हायला पाऊण ते एक तास घेतं. हे मलम डॉक्टरने तपासल्यानंतर लावलं तर तो तास फुकट गेला. ट्रायाजच्या, म्हणजे पहिल्या पाहणीच्या, खुर्चीवरच सिस्टरने लावलं तर तो वाचला. तापाच्या तान्ह्या बाळाची लघवी तपासायची असते. आई-बाप निर्जंतुक वाटी धरून बसतात आणि सारा विभाग त्या एका धारेसाठी खोळंबतो. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ३५४ बाळांवर एक साधी गोष्ट करून पाहिली: थंड ओल्या गॉजने ओटीपोट हळुवार चोळायचं. पाच मिनिटांत लघवी करणाऱ्या बाळांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेलं. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. लहान मुलांचं काम जाणणारी माणसं पहिल्या खुर्चीपासून हवीत, एवढंच.

हिवाळ्यात आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूची लाट येते आणि ब्रॉन्किओलायटिसची, म्हणजे बारीक श्वासनलिका सुजलेली, बाळं एकामागून एक येतात. २०२० मध्ये सीमा बंद होत्या म्हणून हा विषाणू इथे जवळजवळ दिसलाच नाही. २०२१ च्या हिवाळ्यात तो फार मोठी लाट घेऊन आला आणि बालविभाग ओसंडले. आपल्या पालकांची अपेक्षा अशी की वाफ द्या, एक्स-रे काढा, अँटिबायोटिक लिहा. या आजारात यांतल्या कशाचाच सहसा उपयोग नाही. नाक मोकळं करणं, दूध पोटात जाईल हे पाहणं, गरज पडली तर ऑक्सिजन, इतकंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजार वाढतो हे कुणी आधी नीट समजावलं असतं, तर कितीतरी कुटुंबांच्या दुसऱ्या फेऱ्या टळल्या असत्या. शिवाय दक्षिण ऑकलंडच्या ओल धरलेल्या, दाटीच्या घरांमधून, विशेषतः माओरी आणि पॅसिफिक कुटुंबांतून, श्वासाचे आजार घेऊन मुलं येतात. त्यांच्या तासांची सुरुवात रुग्णालयाच्या दाराशी झालेली नसते.

सर्वांत लांब तास काढतात ती किशोरवयीन मुलं. गोळ्या घेऊन आलेली, हात कापून आलेली मुलगी शरीराने बहुधा काही तासांत सावरते. मग मानसोपचार पथकाची वाट बघत, उजेडाच्या, गोंगाटाच्या खोलीत रात्र काढते. २०१७ च्या युनिसेफ अहवालात श्रीमंत देशांमध्ये किशोरवयीनांच्या आत्महत्यांचं प्रमाण न्यूझीलंडमध्ये सर्वाधिक होतं. आपल्या समाजात हे दडवलं जातं, आणि मराठी घरं याला अपवाद नाहीत. या मुलांचे तास मला सर्वांत जास्त डाचतात, कारण तिथे ना निरीक्षण असतं ना उपचार. दाराशी बसवलेला एक पहारेकरी तेवढा असतो.

आणखी एक गोष्ट खास आपली. आई-वडील कामावर असतात, भारतातून आलेली आजी दिवसभर बाळाला सांभाळते. बाळ किती प्यालं, किती लंगोट ओले झाले, केव्हापासून मलूल पडलं, हे तिला ठाऊक. तपासणीत मात्र इंग्रजी बोलणाऱ्या बापाला विचारलं जातं, आणि त्याला यातलं अर्धं माहीत नसतं. दुभाष्या मिळणं हा १९९६ च्या रुग्णहक्क संहितेतला हक्क आहे. शक्य असेल तिथे तो द्यावाच लागतो. तो मागायला संकोचू नका, आणि सहकाऱ्यांनो, रुग्णाने मागण्याची वाट बघू नका.

आरोग्य खात्याकडे माझी मागणी स्पष्ट आहे. मुलांचे आकडे प्रौढांपासून वेगळे प्रसिद्ध करा. त्यांतही डॉक्टर भेटेपर्यंतचा वेळ, निर्णय होईपर्यंतचा वेळ आणि खाट मिळेपर्यंतचा वेळ असे तीन भाग पाडा. निरीक्षणाखाली ठेवलेल्या मुलाचे तास दोष म्हणून मोजू नका. मानसिक आजाराच्या मुलांची स्वतंत्र नोंद ठेवा. आणि इथे बसलेल्या प्रत्येक डॉक्टर-सिस्टरला विनंती आहे: सोमवारी कामावर गेलात की आपल्या विभागातल्या शेवटच्या वीस मुलांच्या नोंदी काढा, कोणता तास कशात गेला ते लिहा आणि ते कागद आपल्या विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवा.