जिगसॉ पझल पारखताना

ऑनलाइन मागवलेला जिगसॉ पझलचा खोका अनेकदा भिवंडीच्याच गोदामांतून निघतो. पण खोक्यावरच्या देखण्या चित्राला भुलू नका.

कापड घेताना भिवंडीकर जसा पोत चिमटीत धरून पाहतो, तसाच पझलचा तुकडा पाहावा. पुठ्ठा साधारण २ मिलिमीटर जाड आणि घट्ट हवा. कडेला नख लावताच चित्राचा कागद सुटू लागला, तर माल कच्चा. मग आठ-दहा तुकडे जुळवून कोपऱ्याला धरून अलगद उचला. एकसंध राहिले, तर कटाई नेमकी. तुकडा चुकीच्या जागीही बसत असेल, तर खेळाची मजाच गेली. चकचकीत छपाईवर ट्यूबलाइट चमकते. मॅट छपाई डोळ्यांना बरी.

आनंद मात्र चित्रावर ठरतो. निरभ्र आकाशाचे निळेच निळे तुकडे मेटाकुटीला आणतात. गजबजलेला बाजार किंवा नकाशा हळूहळू उलगडत जातो. नकाशाचं पझल तर जुनंच: लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात लाकडावर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवर कापले, तेही मुलांना भूगोल शिकवायला!

मुलांसाठी घेताना आयएसआय चिन्ह बघा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. आणि हजार तुकड्यांचं पझल घेण्याआधी टेबल मोजा, पूर्ण चित्राला साधारण ७० बाय ५० सेंटिमीटर जागा लागते.