बार्शीची छोटी गाडी आणि हमाल

श्रोतेहो, बार्शीच्या जुन्या स्टेशनाची गोष्ट निघाली की कॅलथ्रॉपसाहेबांचे नाव येतेच. 1897 साली त्यांनी कुर्डुवाडीहून इथवर अडीच फुटी रूळ आणले. दर आसावर भार पाचच टन, ही त्यांची हुशारी आम्हांला मान्य आहे. पण कुर्डुवाडीचा मोठा रूळ पडला साडेपाच फुटी! तेव्हा बार्शीच्या कापसाची गाठन् गाठ तेथे उतरवायची आणि पुन्हा चढवायची. कोणी? हमालांनीच की! अरुंद रुळात वाचलेला पैसा त्यांच्या पाठीने फेडला, असे आम्ही म्हणतो. 1954 साली रेल्वे सरकारी झाली. 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला आणि ती हमाली सुटली. कोणाच्या घरी त्या हमालांच्या मजुरीच्या चिठ्ठ्या असतील, तर त्यांनी व्याख्यानानंतर आम्हांला जरूर भेटावे.