दुखणे गेले, पुढे काय?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात डोंगरकडा येथे केलेले भाषण)



आम्ही कोणी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि सारी हयात मुलांना शिकविण्यात घालविली. चालकांची आज्ञा शिरसावंद्य मानून आमच्या घरावर गुदरलेला एक प्रसंग आज निवेदन करतो.

केळीच्या बागेत पाणी देत असता आमच्या धाकट्या बंधूंस अर्धांगवायूचा झटका आला. रुग्णालयात त्यांचा प्राण वाचला. दहा दिवसांनी घरी धाडले, तेव्हा कागदावर गोळ्यांची नावे होती. परंतु लुळ्या हातापायाचे पुढे काय करावयाचे हे कोणी सांगितले नाही, आणि खरे बोलावयाचे तर आम्हीही विचारले नाही. मग कोणी तेल चोळले, कोणी कबुतराचे रक्त लाविले, कोणी अंगारा दिला. चार महिने गेले. खांदा आखडला, पाठीस जखम झाली. वर्गात 'शंका विचारा' म्हणून मुलांच्या मागे लागणारे आम्ही ऐन वेळी एक प्रश्न विचारण्यास चुकलो.

तो प्रश्न असा : यांना पुन्हा उठते-बसते करणारा डॉक्टर कोठे मिळेल?

असा डॉक्टर असतो, हे परिचारिका झालेल्या आमच्या एका विद्यार्थिनीने प्रथम सांगितले. भौतिक चिकित्सा व पुनर्वसन ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेतून ती विशेष वाढीस लागली. मुंबईस हाजीअली येथे या विषयाची अखिल भारतीय संस्था १९५५ साली निघाली. अर्धांगवायू, मणक्याची इजा, कापलेला पाय, जन्मतः हातपाय आखडलेले मूल, या सर्वांसाठी ही शाखा आहे. फिजिओथेरपिस्ट व्यायाम करवितात, कृत्रिम अवयव करणारे पाय बसवितात, वाचोपचारतज्ज्ञ बोलणे शिकवितात. हे डॉक्टर रोग्याची तपासणी करून या सर्वांच्या कामाची सांगड घालतात.

शोधावे कसे? रुग्णालयातून निघण्यापूर्वीच तेथील डॉक्टरांस विचारावे. आपणांस हिंगोलीपेक्षा नांदेड जवळ. तेव्हा विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम चौकशी करावी. 'पी. एम. आर.चे डॉक्टर आहेत काय?' एवढेच विचारावे. तेथे नसल्यास अस्थिरोग वा मज्जाविकाराच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन फिजिओथेरपी तत्काळ सुरू करावी आणि असे डॉक्टर कोठे भेटतील तेही त्यांनाच विचारावे. पाटीवरील अक्षरांस भुलू नये; एम. डी. वा डी. एन. बी. ही पदवी याच विषयाची आहे ना, आणि वैद्यक परिषदेत नोंद आहे ना, हे विचारण्यात संकोच कसला?

या कामी वेळ दवडू नये. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढेही होते, पण सावकाश. तोवर घरच्यांनी अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, आणि लुळ्या हातास धरून त्यास कधीही ओढून उठवू नये. आमच्या बंधूंचा खांदा आम्हीच अशा मायेने दुखविला.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास अनेक सवलती मिळतात. हा हक्क आहे, भिक्षा नव्हे. लाज धरू नये.

मंडळास एकच विनंती. दरवर्षी आपण शालश्रीफळांवर खर्च करतो. त्यातील थोडा वाचवून दोन चाकांच्या खुर्च्या व चार वॉकर मंडळाच्या कार्यालयात ठेवावेत. ज्यास गरज पडेल त्याने न्यावे, काम झाल्यावर परत करावे. आणि पुढील स्मरणिकेत वधूवरांच्या यादीबरोबर जवळच्या पुनर्वसन डॉक्टरांची व फिजिओथेरपिस्टांची यादी, नीट चौकशी करून, छापावी. नेताना आणताना मात्र जात विचारू नये. दुखणे ती विचारून येत नाही.

आमचे बंधू आज काठी टेकीत बागेच्या बांधापर्यंत जातात. उजवी मूठ मात्र अद्याप उघडत नाही. ते चार महिने कोणी परत आणून देणार नाही; तुमचे मात्र वाचावेत, एवढ्यासाठीच हे बोललो. अधिकउणे क्षमा करावे.